पेंटरच्या खिडकीपुढची दाणापेटी

मी एक जुनी दाणापेटी आहे, मित्रांनो, आणि हे सगळे तुम्हाला फडताळाच्या वरच्या फळीवरून सांगते आहे. माझ्या एका अंगाला वाळलेल्या रंगाचे डबे आहेत, दुसऱ्या अंगाला कान तुटलेली किटली. दोन्ही शेजारी अबोल, त्यामुळे बोलायची हौस मला तुमच्यावरच भागवावी लागणार. तुम्ही म्हणाल, थोड्या फळ्या आणि दोन काचा, तिची कसली आली आहे कहाणी! म्हणा बापडे. पण पाखरांना दाणा घालायची हौस तुमच्यापैकी पुष्कळांना असते, आणि त्या हौसेतून काय होऊन बसते, ते मी फार जवळून पाहिले आहे.

माझा जन्म एका सुताराच्या हातून झाला. माणूस कामाला पक्का आणि बोलायला त्याहून पक्का. एक खिळा ठोकायचा आणि दोन गोष्टी सांगायचा. मला त्याने एका मोडक्या टेबलाच्या खणांपासून बनवले. बाजूच्या काचा जुन्या तसबिरीच्या. वर उतरते छप्पर, त्याला बिजागरी, म्हणजे छप्पर उचलून आत दाणे ओतता येतात. खाली दोन्ही बाजूंना फट. त्या फटीतून दाणे आपोआप पुढच्या ताटात उतरतात. पाखराने एक खाल्ला की दुसरा खाली येतो. छपराला हिरवा रंग देऊन झाल्यावर सुताराने मला हातभर लांब धरले, एक डोळा मिटून पाहिले आणि स्वतःशीच म्हणाला, "वा! भाडं परवडलं तर मीच राहायला जाईन यात."

त्या कौतुकाने मी हरखून गेले. माझ्या तळाला पाणी निथळायला एकही भोक ठेवलेले नाही, हे तेव्हा त्याच्या ध्यानात आले नाही आणि माझ्याही नाही.

सुताराने मला केले ते त्याच्या मेव्हण्यासाठी, म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्यासाठी. त्यांना सगळी गल्ली पेंटर म्हणते. दुकानांच्या पाट्या रंगवणे हा त्यांचा धंदा. हात असा की पट्टी न लावता सरळ रेघ ओढायचे. एके दिवशी शिडीवर उभे असताना त्यांच्या हातातला ब्रश गळून पडला. तो कसा पडला ते बघायला वाकले आणि स्वतःही खाली आले. उजवे अंग लुळे पडले, जीभ जड झाली. दवाखान्यातून घरी आणल्यावर त्यांची खाट खिडकीशी लावली, पण पेंटर खिडकीबाहेर पाहतील तर शपथ. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. जेवायला बोलावले की "नको", आणि डॉक्टर आले की "कशाला". एवढ्या दोन शब्दांवर त्यांचा संसार चालला होता.

त्यांच्या बायकोला सगळे वहिनी म्हणतात, मीही म्हणते. पेंटरांना उचलणे, पुसणे, भरवणे, कूस बदलणे हे सगळे वहिनी एकट्या करत होत्या. व्यायाम करून घ्यायला एक बाई येत असत. त्या रोज सांगत, "काका, मान या बाजूला वळवायची. नाही वळवली तर आखडून बसेल, मग मला बोलू नका." काका कशाला बोलतात! मान तिथेच, भिंतीकडे.

अशा घरात मी आले. सुताराने मला खिडकीबाहेर लोखंडी आकड्याला टांगले. खिडकी तळमजल्याची, पुढे लहानसे अंगण, एक नळ, एक पेरूचे झाड आणि कंपाउंडची भिंत. मला नीट लोंबकळती ठेवून तो आतल्या पाठीला उद्देशून म्हणाला, "भावोजी, दुकान उघडलंय. गिऱ्हाईक कसं येतंय ते तुम्ही बघायचं."



पहिल्या दिवशी वहिनींनी माझ्यात शिळ्या पावाचा चुरा भरला. कावळे आले. त्यांनी मला असे गदागदा हलवले की माझी बिजागरी दुखायला लागली. मग वहिनी बाजारातून दाण्याची तयार पिशवी घेऊन आल्या. पिशवीवर चित्र सुंदर पाखराचे, आत मात्र फुटका मका, किडका गहू आणि शोभेला सूर्यफुलाच्या चार बिया. वहिनींना वाटले, पाखरांसाठीच म्हणून विकतात तर चांगलेच असणार. झाले! कबुतरे आली. कबुतरे नुसती येत नाहीत, मित्रांनो, ती ठाण मांडतात. एक ताटात बसायचे, दुसरे छपरावर, तिसरे आपली पाळी कधी येते म्हणून खिडकीच्या गजावर घुमत राहायचे. चिमण्या बिचाऱ्या भिंतीवर रांगेने बसून तमाशा बघत. बळी तो कान पिळी, दुसरे काय!

पण त्या कबुतरांचा माझ्यावर एक उपकार आहे. त्यांचे ते घूं-घूं, पंखांची फडफड, काचेवर चोची आपटणे, हे सगळे सकाळपासून चालले होते. दुपारी खाटेवरून एकाएकी आवाज आला, "हा-हाकल त्यांना!"

पेंटरांची मान वळली होती. डोळे लाल, तोंड वाकडे, पण नजर सरळ माझ्यावर. वहिनींच्या हातातला तांब्या खाली पडला. इतक्या दिवसांत त्यांनी "नको" आणि "कशाला" यांपलीकडे काही ऐकलेच नव्हते. त्या कबुतरांना हाकलायला म्हणून धावल्या आणि नळापाशी जाऊन रडत बसल्या. मग पदराने तोंड पुसून परत आल्या आणि म्हणाल्या, "हाकलली. आता पुढं काय करू सांगा."

पुढचे सगळे पेंटरांनीच ठरवले. त्यांना कबुतरे नको होती, त्यांना ती भिंतीवरची बारकी गिऱ्हाइके हवी होती. सुताराने माझे ताट कापून अगदी अरुंद केले. चिमणीचा पाय टेकेल, पण कबुतराला बूड टेकवायला जागा मिळणार नाही, एवढेच. मग खिडकीत बशा मांडून परीक्षा झाली. एका बशीत गहू, एकीत तांदळाची कणी, एकीत बाजरी, एकीत बारीक पिवळे राळे. पेंटर परीक्षक. व्यायामाच्या बाईंनी ही संधी बरोबर साधली. "काका, शेवटच्या बशीत कोण आहे?" असे विचारायच्या आणि काकांची मान पार टोकापर्यंत वळायची. गव्हाला कोणी विचारेना. कणी थोडी खपली. बाजरीवर चिमण्या तुटून पडल्या, आणि राळ्याची बशी दिसताच कुठून कोण जाणे, चॉकलेटी पाठीच्या इवल्याशा मुनियांचा थवा उतरला. तेव्हापासून माझ्या पोटात बाजरी आणि राळे, आणि ताटात सकाळ-संध्याकाळ पंगत.

ते दिवस आठवले की अजूनही बरे वाटते. पेंटरांनी पाखरांना नावे ठेवली. गळ्याशी काळा पट्टा असलेला एक धिप्पाड चिमणा होता, तो 'वकील'. सगळ्यांशी भांडायचा आणि स्वतःचे पोट आधी भरायचा. एक चिमणी दर दाण्याला मान वाकडी करून विचार करायची, ती 'मास्तरीणबाई'. वहिनी पोळपाट खिडकीशी घेऊन बसत आणि पेंटर अडखळत अडखळत वर्णन करत. "वकील आला बघ... अशिलाला घेऊन."

"अशील कसलं? बायको असेल त्याची."

"बायको असती तर... एवढा बोलला नसता."

वहिनी अशा हसायच्या की बाहेरची पाखरे दचकून उडायची. मग दोघे गप्प बसून ती परत येण्याची वाट पाहायचे. पेंटर जेवू लागले. उशीला टेकून बसू लागले. डाव्या हाताने पेला धरू लागले. बाई म्हणाल्या, "काकू, माझ्या व्यायामापेक्षा या पेटीचा गुण जास्त आहे." हे ऐकून मी जरा चढून गेले होते, खोटे कशाला बोलू?

आता घोडे कुठे पेंड खाते ते ऐका. वहिनी आणि सुतार ज्या घरात वाढले, त्या घरात एक रीत होती. डब्याचा तळ दिसू द्यायचा नाही. तळाशी मूठभर उरले की त्यावरच नवे ओतायचे. तळ दिसला म्हणजे घरात तुटवडा आला, असे त्यांची आई मानायची. आणि दाणा फेकणे तर त्यांच्या घरी पापच. त्या रीतीवर दोघे भावंडे लहानाची मोठी झाली. माझ्याही बाबतीत तेच झाले. माझी पातळी जराशी खाली गेली की वहिनी डबा घेऊन हजर, आणि वरून बाजरीची धार. माझा तळ कधी कोणाला दिसलाच नाही. ताटातली घाणही वहिनी वरवर झटकायच्या, कारण घासायला घेतले तर ताटातले दाणे वाया जातील.

कोरडे दिवस होते तोवर चालून गेले. मग दमट, ढगाळ दिवस लागले. वाऱ्याबरोबर तिरपे पाणी यायचे, छपराच्या फटीतून आत शिरायचे आणि निथळायला वाट नसल्यामुळे माझ्या कोपऱ्यांत मुरायचे. वरचा दाणा सोन्यासारखा, आणि तळाला दाणे फुगून, कुजून, एकमेकांना चिकटून त्यांचा हिरवट थर जमलेला. ताटात चार ठिकाणच्या पाखरांची शीट, त्यातच ओले दाणे, आणि त्यातच चोची. मला तो वास येत होता. आत काहीतरी बिघडते आहे हे मला कळत होते. पण आम्हा लाकडाच्या जातीला सांगायची सोय नाही.

मास्तरीणबाई आधी आजारी पडली. पिसे फुगवून ताटात बसून राहिली. खायची, पण गिळता येत नसावे, दाणा चोचीतून परत पडायचा. वहिनी अगदी जवळ आल्या तरी उडाली नाही. जे पाखरू माणूस जवळ आला तरी उडत नाही, ते माणसाळलेले नसते, मित्रांनो, ते आजारी असते. एवढे तरी माझ्याकडून लक्षात ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी अंगण झाडायला आल्या, तेव्हा ती पेरूखाली पालथी पडली होती.

वहिनींनी खिडकीकडे पाहिले. पेंटर झोपेत होते. वहिनींनी चटकन चिमणी कागदात गुंडाळली, भिंतीकडेला खुरप्याने खड्डा केला आणि पुरली. हात धुतले. मग आत जाऊन रोजच्यासारख्या म्हणाल्या, "उठा, तुमची गिऱ्हाइकं आली."

त्यानंतर त्या रोज पेंटर जागे व्हायच्या आत अंगणात यायच्या. कधी काही नसायचे, कधी असायचे. एकदा मुनियांचे जोडपेच मिळाले. सुतार भावाला त्यांनी माझ्याखाली उभ्या राहूनच हलक्या आवाजात सांगितले, "मांजराचं काम नाही रे हे. अंगावर ओरखडासुद्धा नाही."

"मग बंद करायची का थोडे दिवस?"

"वेड लागलंय का तुला? त्यांना काय सांगू? परत भिंतीकडं तोंड केलं तर मी काय करायचं? त्यांचा जीव या पेटीत अडकलाय. तू तोंड उघडू नकोस."

एरवी एका खिळ्यामागे दोन गोष्टी सांगणारा सुतार त्या दिवशी मूग गिळून बसला. आणि वहिनींनी काय केले? पाखरे कमी दिसू लागली म्हणून मला आणखी काठोकाठ भरले. भरलेली पेटी दिसली की दुसरीकडची पाखरे येतील आणि पेंटरांना कळणार नाही, असा त्यांचा हिशोब. पाखरे आली, आणि माझ्याच ताटातून दुखणे घेऊन गेली.

आता तुम्हाला वाटेल, पेंटरांना यातले काहीच ठाऊक नव्हते. अहो, दिवसभर दुसरे काम काय होते त्यांना? चिमणी फुगून बसलेली त्यांनी पाहिली होती. एक ताटातून खाली घसरली, तीही पाहिली. त्या क्षणी ते हुंकारले, डावा हात गजापर्यंत आणला आणि मग हळूच मागे घेतला. थोड्या वेळाने वहिनींनी आत येऊन विचारले, "आज गर्दी होती का हो?"

"होती की," पेंटर म्हणाले. "खूप."

व्यायामाच्या बाईंना मात्र त्यांनी खरे सांगितले. वहिनी दुकानात गेल्या होत्या. बाई त्यांचा हात वर-खाली करत होत्या. पेंटर एकेक शब्द शोधत म्हणाले, "पाखरं... मरताहेत. तिला सांगू नका."

"काका, मग पेटी उतरवायला हवी ना?"

"ती हसते... या पेटीपाशी. बाकी दिवसभर नुसती माझी हमाली. एवढं एक राहू द्या तिला."

बाईंच्या डोळ्यांत पाणी आले म्हणून त्या पिशवीत काहीतरी शोधत राहिल्या.

मित्रांनो, माझी काय अवस्था झाली असेल याचा विचार करा. बायको नवऱ्यासाठी लपवते, नवरा बायकोसाठी लपवतो, भाऊ बहिणीसाठी गप्प, बाई दोघांसाठी गप्प. अळीमिळी गुपचिळी! सगळ्यांचे खरे ऐकले ते मी एकटीने, आणि तळात सडका थर घेऊन मी त्या चौघांच्या मध्ये लोंबकळते आहे. समोरून चिमणी उडत यायची, भोळी, भुकेली, आणि माझ्या मनात यायचे, नको येऊस ग बाई, जा, दुसरीकडे जा. ती यायचीच. वारा आला की मी मुद्दाम जोरात झोके घ्यायचे, एवढेच माझ्या हाती होते. पण चिमणी झोक्याला काय घाबरते! पाय घट्ट रोवून खातच राहायची.

पेंटर पुन्हा कमी जेवू लागले. मान वळवायची म्हटले की "दुखते" म्हणायचे. खरे तर त्यांना बघवत नव्हते. आणि वहिनींना वाटायचे, पाखरे कमी झाली म्हणून हे असे झाले. मग आणखी एक डबा.

ज्या दिवशी हे फुटले, तो दिवस उघडिपीचा होता. ऊन बरे पडले होते. वकील आला. पण त्याच्याकडे वकिली उरलीच नव्हती. माझ्या ताटात चढता येईना म्हणून तो गजातून आत, खिडकीच्या कट्ट्यावर उतरला आणि पिसे फुगवून डोळे मिटून बसला. पेंटरांनी डावा हात पुढे केला. वकील हलला नाही. पेंटरांनी त्याला उचलले. ज्या हाताने पेला धरायला ते नुकते शिकले होते, त्याच हाताने त्यांनी त्याला छातीशी धरले. 

आणि वहिनी दाण्याचा डबा घेऊन दारात आल्या.

पाहिले न पाहिलेसे करायला आता जागाच नव्हती. वकिलाने एकदा चोच उघडली, मिटली, आणि त्याची मान पेंटरांच्या बोटांवर पडली. वहिनी डबा धरून तशाच उभ्या.

"मला माहीत आहे," पेंटर म्हणाले.

"काय माहीत आहे?"

"तू... पहाटे झाडायला जातेस. काय झाडतेस ते."

डबा खाली ठेवून वहिनी खाटेच्या कडेला बसल्या. "मग बोलला का नाहीत?"

"तू का नाही बोललीस?"

 मग वहिनी एकदम भडकल्या. "मी कशासाठी केलं हे सगळं? तुम्ही भिंतीकडं तोंड करून पडलात तेव्हा मी कशी जगले ते तुम्हाला काय ठाऊक! ही पेटी गेली तर तुम्ही परत तसे पडाल. मला भीती वाटते हो."

"मला पण वाटते," पेंटर म्हणाले. हे वाक्य त्यांनी अजिबात न अडखळता म्हटले. मग मेलेल्या वकिलाकडे पाहत म्हणाले, "पण ही... आपली मरताहेत. उतरव तिला."

"मग दिवसभर बघाल काय?"

"तुला."

"मला काय बघायचंय आता, थोबाड!" वहिनी म्हणाल्या आणि हसता हसता त्यांचा हुंदका बाहेर पडला. पेंटरांच्या हातातून त्यांनी वकिलाला घेतले. या वेळी खड्डा खिडकीसमोर खणला, पेंटरांना दिसेल असा.

सुताराला बोलावले. त्याने मला आकड्यावरून काढले, अंगणात पालथे केले, पण माझ्या पोटातले दाणे काही पडेनात. पटाशीने खरवडले तेव्हा तो थर ढेकळासारखा निघाला, हिरवा-काळा, आणि वासाने सुतार दोन पावले मागे सरला. वहिनी नाकाला पदर लावून बघत होत्या.

"मी एक दाणा कधी फेकला नाही रे," त्या म्हणाल्या.

"आणि मी खाली एक भोक पाडलं नाही, ताई," सुतार म्हणाला. "एवढी वर्षं सुतारकी करून! खिडकीला उतार ठेवतो, उंबऱ्याला ठेवतो, आणि इथंच कशी बुद्धी गेली?"

त्यांनी एकमेकांना दोष दिला नाही आणि मलाही दिला नाही. मला तेच जास्त लागले. कोणी मला चुलीत घाला म्हटले असते तर निदान सुटले असते.

पाखरांच्या डॉक्टरांना सुतार जाऊन विचारून आला. उपाय साधा होता. काही आठवडे दाणा अजिबात बंद. एका ताटावर जमणारी पाखरे पांगली की दुखणेही पांगते. पेटी गरम पाण्याने आणि साबणाने घासायची, जंतू मारायचे औषध पाण्यात घालून धुवायची, कडक उन्हात वाळवायची. दाणा एका दिवसात संपेल एवढाच घालायचा, संध्याकाळी उरेल तो टाकून द्यायचा, आणि पेटी भरण्याआधी तिचा तळ बघायचा. तळ बघायचा, हे ऐकून वहिनींनी मान खाली घातली. पण ऐकले. माझ्या तळाला बारीक भोके पडली, तळ सरकवून बाहेर काढता येईल असा झाला, आणि मी फडताळात गेले.

ते आठवडे कसे गेले ते मला भिंतीआडून ऐकू यायचे. सोपे गेले नाहीत. रिकामी खिडकी बघवेना म्हणून पेंटर पुन्हा भिंतीकडे वळले, तेव्हा वहिनी सरळ म्हणाल्या, "आज तुमची पाठ बघून मला धडकी भरतीय. वळा इकडं." आणि पेंटर वळले. कधी वळले नाहीत, तेव्हा भांडण झाले. मोठ्याने झाले, शेजाऱ्यांना ऐकू जाईल असे. पण एकमेकांसाठी खोटे हसणे त्या घरातून गेले होते. व्यायामाच्या बाई येत राहिल्या, मान हळूहळू वळत राहिली. पेंटर बरे झाले असे मी म्हणणार नाही. टिकून होते.

मग मला पुन्हा टांगले. स्वच्छ, हलकी, तळाशी मूठभर बाजरी. मी वाट बघू लागले, खिडकीतले दोघे वाट बघू लागले. कोणी आले नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. वहिनी संध्याकाळी तळ सरकवून सगळी बाजरी काढत, आणि सकाळी नवी घालत. पेंटर विचारायचे, "आलं का कोणी?" वहिनी म्हणायच्या, "नाही." पूर्वीच्या वहिनी म्हणाल्या असत्या, आत्ताच येऊन गेल्या, तुमचा डोळा लागला होता. या वहिनी म्हणायच्या, "नाही." आणि पेंटर मान हलवायचे.

एका दुपारी पेंटर खरेच झोपले होते. वहिनी खिडकीशी कपड्यांच्या घड्या घालत होत्या. भिंतीवरून एक चिमणी उतरली आणि माझ्या ताटात बसली. इतक्या दिवसांनी तो हलका भार, ती नखे! मी आनंदाने डोलणार, इतक्यात मला कळले. तिची पिसे फुगलेली होती. तिने दाणा उचलला आणि तो चोचीतून परत पडला.

वहिनींनीही पाहिले. हातातली घडी तशीच राहिली. खाटेवरचा माणूस झोपेत होता. त्या हातवारे करून चिमणीला हाकलू शकत होत्या, आणि उद्या "नाही" म्हणू शकत होत्या. कोणाला काही कळले नसते. मला मात्र तेवढा वेळ जन्माएवढा वाटला.

वहिनींनी पेंटरांच्या खांद्याला हात लावला.

"अहो. एक आलीय."

पेंटरांचा चेहरा असा उजळला की माझ्याने पाहवेना. त्यांनी मान वळवली, पार टोकापर्यंत.

"आजारी आहे," वहिनी म्हणाल्या.

पेंटर बघत राहिले. चिमणी डोळे मिटून बसली होती. त्यांच्या ओठांचा डावा कोपरा हलला, पण शब्द लवकर बाहेर आला नाही. वहिनींनी त्यांचा हात धरला आणि वाट पाहिली. त्यांच्या वतीने त्या काही बोलल्या नाहीत.

"उतरव," पेंटर म्हणाले.

चिमणी उडून भिंतीवर गेल्यावर वहिनींनी मला उतरवले, धुतले, आणि या फळीवर पालथे ठेवले. तेव्हापासून मी इथे आहे. ती चिमणी जगली की गेली ते मला ठाऊक नाही. मला पुन्हा टांगतील की नाही, तेही ठाऊक नाही. टांगले आणि कोणी आलेच नाही, तर पेंटरांचे काय होईल, या विचाराने इथल्या अंधारात माझा जीव उडून जातो.

मित्रांनो, तुमच्या खिडकीत माझी एखादी बहीण असेल, तर ती भरण्याआधी रिकामी करा, घासा, उन्हात वाळवा. एखादे पाखरू फुगून बसलेले दिसले, तर कितीही जिवावर आले तरी पेटी उतरवा. आणि अंगणात मेलेली चिमणी सापडली, तर ती घाईने पुरून टाकू नका. आधी आत जा, आणि ज्याच्यासाठी तुम्ही ती लपवणार होता, त्याला हाक मारा.